देठाला लवंग

नाव ठगूबाई. आधीची तीन जगली नाहीत,
म्हणून सटवाईला चकवायला ठेवलेलं.
पुढे धंदाही तसाच निघाला:
पारोळ्यात, तेली गल्लीच्या टोकाला
पत्र्याच्या पडवीत बसून
ती साबणाची फळं करायची.

रुखवतात मांडायला.
लिंबू, सीताफळ, केळ्याची फणी,
आणि भरताचं वांगं, आपल्याकडचं,
हिरवं, बुडाशी पांढऱ्या रेघा ओढलेलं.
"खावाले नही, न्हावाले नही, देखाले शे,"
असं सांगून विकायची. लोक घ्यायचे.

शेंगदाण्याच्या तेलाचा साबण किसायचा,
वाळ्याच्या पाण्यात तिंबायचा,
तळहाताच्या टाचेने रेटायचा भाकरीच्या पिठासारखा.
सीताफळाचे डोळे चिंचोक्याने दाबायचे.
केळ्यावरचे ठिपके काजळीचे,
पिकून दोन दिवस झालेल्या केळ्याला असतात तेवढेच.
एक जास्त झाला तर पूर्ण केळं पुन्हा परातीत.

माझ्याकडे लवंगा.
शाळा सुटली की लिंबांच्या डोक्यात खोचायच्या,
पंचवीस लिंबांना चार आणे.
मी सरळ खोचायचे. ती उपसून तिरपी करायची:
"झाडवर सरळ देठ कधी देखा का?"

फळीवर एक केळं होतं, दातांचे ठसे असलेलं.
बहादरपूरच्या लग्नात नवरदेवाच्या मामाने
भर मांडवात ते उचललं, सोलता येईना म्हणून चावलं.
फेसाळल्या तोंडाने दुसऱ्या दिवशी
तो भांडायला आला. म्हणजे फेस तोवर गेला असणार,
पण गल्लीत गोष्ट अशीच सांगतात.
ठगूबाईने पैसे परत दिले आणि केळं ठेवून घेतलं.
कुणी भावात घासाघीस केली
की बोट फळीकडे: "हाई मन्ही सनद."

तिचे हात मात्र कॉस्टिकने चिरलेले,
भेगांमध्ये वांग्याचा हिरवा.
दिवेलागणीला ती ते राखेने धुवायची.
मी कधी विचारलं नाही.
मला वाटायचं, हलवाई कुठे पेढे खातो.

वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला
की फळांना घाम यायचा.
ओल्या गोणपाटाखाली त्यांना झाकून
ती दार ओढून घ्यायची. "निजू दे त्यास्ले."

माझ्या लग्नात तिने वांगं पाठवलं.
एकोणीस वर्षं ते काचेच्या कपाटात होतं,
तीन घरं बदलली त्याने.
धुळ्याला भांडीवाल्या बाईने एकदा
बटाट्यांच्या टोपलीत टाकलं होतं, हळहळून,
की भाजी अशी उघडी ठेवता.

परवा रात्री घरातला साबण संपला.
दुकानं बंद. एवढंच कारण.

आधी रंग गेला, मग रेघा.
वास काही उरला नाही असं म्हणेपर्यंत
पांढऱ्याखालून केळ्याचा पिवळा आला.
त्याखाली आंब्याच्या गालाचा केशरी,
सीताफळाचा करडा-हिरवा कीस, काजळीची एक रेघ,
आणि वाळा, एकदम, उघड्या माठासारखा.
ओट्यावरचं खरवडलेलं ती रोज संध्याकाळी
एका गोळ्यात वळायची, वरून चांगला थर द्यायची.
"फेकासारखं काय शे त्यामा?"
माझ्या डोळ्यांसमोरचं होतं हे.
विसरले होते.

कुणाकुणाच्या रुखवताचा तो चुरा,
कुणाची लग्नं टिकली असतील, कुणाची नाही,
बेसिनमध्ये सगळं एकाच रंगाचं होऊन वाहत होतं.

अगदी मधोमध, रद्द केलेलं एक लिंबू निघालं,
बोरापेक्षा थोडं मोठं.
त्याला लवंग होती.
सरळ.

मी पडवी सोडली त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.
माझ्यानंतर लवंगा कुणाकडे होत्या,
मला ठाऊक नाही.