अर्धा आकडा

पहिले तीन माझे, पुढचे तीन आयाम्गाचे.
सहा वर्षं झाली, आम्ही एक आकडा वाटून घेतलाय.
भाकरीसारखा नाही,
भाकरीचा अर्धा तुकडा निदान खाता येतो.

टामालेहून पहाटे चारला गाडी निघते.
नेइंदो चालवतो, शेजारी कॉन्स्टेबल ओडोई,
मांडीवर बंदूक, बंदुकीवर शेंगदाण्यांची पुडी.
मागे, खिडकी नसलेल्या पेटीत, मी आणि आयाम्गा
आणि नऊ लाख सेडी,
परक्याचं धन.
मोजायचं, सील लावायचं,
दिल्या घरी सोडून यायचं.
मागे वळून बघायची रीत नाही.

नोटांना वास असतो.
कोऱ्यांना रंगाऱ्याच्या हातांचा,
फिरून आलेल्यांना सुक्या मासळीचा, शियाच्या तेलाचा,
आणि एकीला, शपथेवर सांगते, बाळाच्या पावडरचा.

बोल्गाटांगा. बाजारामागचं मशीन.
मी आकडा फिरवते तेव्हा आयाम्गा पाठ करून
पलीकडच्या शेळ्या बघतो.
तो फिरवतो तेव्हा मी बघते, त्याच शेळ्या.
सहा वर्षांत त्यांच्या नाती-पणती झाल्या असतील.
मग दार सुटतं. चार खण, रिकामे,
आणि तळाशी नाकारलेल्यांचा डबा:
चिकटपट्टीची पन्नासची,
कोपऱ्यावर कुणाचा तरी फोन नंबर असलेली वीसची,
आणि दोन, एकमेकींना इतक्या चिकटलेल्या
की मशीनला त्या एक वाटल्या.

बाहेर रांग.
डोक्यावर टोमॅटोचं घमेलं तोलत एक म्हातारी विचारते,
"आज तरी देणार का?"
जणू रोज मीच गिळून बसते.

पगाराच्या संध्याकाळी, वर्दी घरी ठेवून,
मीही उभी असते अशाच एका रांगेत.
सकाळी माझ्याच हातांनी भरलेलं मशीन
काळा पडदा दाखवतं.
दुमसोर. म्हणजे गेली, आली, गेली. वीज.
मागचा माणूस म्हणतो,
"हे पैसे भरणारे झोपा काढतात नुसत्या."
मी मान डोलावते.
म्हणते, "हो ना."

आयाम्गाचा उजवा गुडघा चढावर वाजतो.
त्याच्या आईच्या डोळ्यातला पडदा काढला, त्याचं कर्ज,
बायको कुमासीला गेली ती कुठल्या वारी,
चहात साखर किती, हार्मटानच्या धुळीत
त्याला किती शिंका येतात (सात, मग एक उशिराची),
सगळं मला पाठ.
फक्त तीन आकडे नाहीत.

यंदा नाव्रोंगोचं मशीन उपटून नेलं.
भिंतीत चौकोन राहिला, त्यात एक पोरगी आता
फोनमधले पैसे विकते, पिवळ्या छत्रीखाली.
मग माणसांचा नंबर लागला.
आयाम्गानं किल्ली दिली, सही केली, सहीवर शिंकला.
त्याच संध्याकाळी आकडा बदलला.

रात्री त्याचा फोन.
"वुंपिनी, आता सांगायला हरकत नाही. माझे तीन..."
"नको," मी म्हटलं.
तो हसला. "अगं, मेलेला आकडा आहे तो.
त्यानं आता शेळीचं दावंसुद्धा सुटणार नाही."
"तरी नको."
बराच वेळ दोघं काही बोललो नाही.
त्याच्या बाजूला कुणीतरी भांडी घासत होतं.
मग पैसे संपले, त्याच्या फोनमधले.

नवा पोरगा प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे
अचूक पाठ फिरवतो
आणि फोन काढतो.
माझे तीन फिरवून झाले तरी त्याचं लक्ष नसतं.

काल म्हटलं, ठेव तो.
तिकडे बघ.
ती काळी, कान फाटलेली.
गाभण आहे.