अठ्ठाविसावा मजला

लिफ्टमध्ये दोन्ही कानांना दडे बसले.
दाजी म्हणाले, थुंकी गिळ, सुटतील.
त्यांना ठाऊक. सात महिने ते रोज
मालाच्या लिफ्टमधून इथं चढायचे,
जिप्समचे तक्ते पाठीला टेकवून.
तेव्हा भिंती नव्हत्या, नुसता वारा,
आणि परळ खाली, पिसलेल्या पत्त्यांसारखं.

आज तिकीट काढून आलोय.
तीनशे रुपये माणशी, शलाकाचं अर्धं.
ताई खालीच थांबली, तिला उंची सोसत नाही.
छातीवर गोल हिरवा स्टिकर दिला,
तो दाजींनी खिशाच्या बरोबर मध्यावर
लेव्हल बघून लावावा तसा लावला.

पहिल्या दालनात एक बाई, तोंड नसलेली,
मांडीवर मासा.
पुढे नुसता निळा. भिंतभर.
मी पाटी वाचली, दोनदा,
कळल्यासारखी मान हलवली.

दाजी चित्रांकडे बघतच नाहीत.
हात पाठीमागे, मान मागे टाकून
ते छत बघत चाललेत,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
इतके सावकाश, की एक परदेशी जोडपंही
थबकून वर बघू लागलं.

सांधा दिसतो का कुठं?
नाही, दाजी.
मग झालं तर.

निळ्यासमोर, तिसऱ्या दिव्याखाली ते थांबले.
इथं वर, म्हणाले, पत्र्याच्या पट्टीवर
माझं अक्षर आहे.
अकरा फूट दोन इंच, चार सूत.
त्याखाली: मुलगी. सव्वाचार. दोन किलो तीनशे.
वाडियातून फोन आला तेव्हा
जवळ कागद नव्हता,
पेन्सिल कानावर होती.
संध्याकाळी तक्ता चढवला, स्क्रू मारले,
लांबी भरली, घासली.
दुसऱ्या दिवशी रंगवाले.

शलाकानं वर पाहिलं. पांढरं.
माझं नाव नाही लिहिलंत?
तेव्हा ठरलं नव्हतं गं.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, उचला.
दाजींनी उचललं, हात ताणून, पूर्ण वर,
आणि धापा टाकत आकडा सांगितला: चोवीस.
छत तरी बरंच लांब.

कोपऱ्यातला रखवालदार स्टुलावरून उठला
हात लावू नका म्हणायला,
पण कशाला,
ते त्याला पटकन ठरवता येईना.