तिसरा चहा

शारजात, अल नहदाच्या अकराव्या मजल्यावर
"भूक लागली का?" विचारलं, की
ओजस म्हणतो, "भूक लागली का?"
म्हणजे हो.
गप्प राहिला, तर नाही.
हे व्याकरण मला चार वर्षांनी आलं.

एसीवाल्या बशीरचा खोकला,
सुपरमार्केटातलं "काउंटर नंबर सहा",
माझ्या आईचं फोनवरचं "ऐकू येतंय का गं?"
सगळं त्याच्याकडे जमा, व्याजासकट.

शुक्रवारी पाटणकर आले.
तिसऱ्या चहाचं आधण ठेवताना ओट्याशी
मी पुटपुटले असेन काहीतरी.
हॉलमध्ये ते लख्ख ऐकू आलं,
माझ्याच आवाजात, आधी माझा सुस्कारा आणि मग:
"जातायत कधी एकदाचे, देव जाणे!"

पाटणकरांनी बशी खाली ठेवली.
नवरा रिमोट शोधू लागला,
हातात धरूनच.

पोचवायला म्हणून लिफ्टमध्ये शिरलो सगळे.
मेलीनं सहा आणि पाचच्या मध्येच जीव सोडला.
एक मिणमिणता दिवा. घाम.
कुणी कुणाकडे बघेना.
ओजस मात्र खुशीत, चवड्यांवर उड्या,
(लिफ्टमध्ये नको रे, सोन्या!)
"जातायत कधी एकदाचे, देव जाणे!"

आधी हसले ते पाटणकर.
मग त्यांनीच री ओढली, माझ्या चालीवर,
"देव जाणे!" आणि वर एक सुस्कारा.

ओजसनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.
मान हलवली.
आणि चूक दुरुस्त करून दिली:
सुस्कारा आधी.
मग देव.