पगारपत्रक

सावर्ड्याच्या खाणी बंद पडल्या, त्याच्या तिसऱ्या वर्षी
रुझार कुतिन्यो बोटीवरून कायमचा उतरला.
एक गुडघा कामातून गेलेला, हातात एक ट्रंक,
ट्रंकेत लोखंडी जाळीची बारा हेल्मेटं
आणि असोल्या नारळासारखा दोन्हीकडं निमुळता चेंडू.

"फुटबॉल," तो म्हणाला.
तिठ्यावरची माणसं चहा सांडेपर्यंत हसली.
"ह्याला पाय कधी लागतो, बाब?"
"चौथ्या खेपेला. तोही नाइलाजानं."

मी पूर्वी टिपरच्या फेऱ्या लिहायचो. वही कोरी पडलेली.
त्यानं मला हिशेबाला धरलं.

पैसे बार्जवाल्या केंकऱ्यांचे.
चार बार्ज झुआरीत गंजत उभ्या,
पण माणसाला काहीतरी जिंकायची हौस असतेच.
ते म्हणाले, आधी फेकणारा आणा. बंगळूरला आहे एक,
सहा फूट दोन इंच, दात जाहिरातीतले.
निम्मी थैली त्याच्यावर मोकळी करू.

रुझारनं मला पहिल्या पानावर पाच रेघा ओढायला लावल्या.
"हे पाच जण आधी. आकडे त्यांचे आधी.
बारा वर्षं मी इंजिनाच्या खोलीत काढली, शेट.
वर डेकवर नाच चालायचा."
केंकरे पानसुपारी चघळत राहिले. मग सही केली.

फटी वेळीप, जो भरल्या टिपरचं चाक एकटा बदलायचा.
जुझे आणि पास्कू, बेतुलचे जुळे,
रापणीचा दोर ओढून ओढून
एकमेकांकडं न बघता एकाच श्वासाला जोर लावणारे.
मोहन गांवस, दिवसाकाठी चार वाक्यं,
त्यातली तीन म्हशीशी.
पाचवा मिळेना. शेवटी मालधक्क्यावरून यल्लाप्पा आला.
"मागं हटायचं नाही, एवढंच ना?"
"एवढंच."
"मग बूट द्या. माझ्या मापाचे कुठं मिळत नाहीत."
खरंच मिळाले नाहीत. मडगावच्या चांभाराला दोन दिवस लागले.
वहीत तो खर्च अजून वेगळा दिसतो.

फेकणारा आम्हाला पहाटे सापडला,
सायकल न थांबवता तिसऱ्या मजल्यावर पेपर टाकताना.
सुरळी स्वतःभोवती गरगरत जायची
आणि तुळशीची कुंडी न हलवता टेकायची.
सुदिन. वय एकोणीस. सहावी रेघ.

पहिल्या वर्षी सहा सामने, सहा हार.
पगार मात्र एक तारखेला.
पावसाळ्याआधी रुझारनं स्वतःच्या भाच्याचं नाव
माझ्याच पेनानं खोडलं.
पोर पळायचं छान, पण सांगितलं तिकडं नाही.
बहिणीनं त्यानंतर नाताळातसुद्धा
सोरपोतेलचं भांडं पाठवलं नाही.
तो म्हणाला, "वास येतो रे तिच्या घरावरून जाताना,"
आणि पुन्हा शिट्टी तोंडात घातली.

दुसऱ्या वर्षीचा शेवटचा सामना, पुणेकरांशी,
खनिजाच्या रिकाम्या प्लॉटवर.
चौथी खेप. पाय लावायची वेळ.
रुझारनं मान हलवली: नको.
सगळ्यांनी वर चेंडूकडं पाहिलं म्हणतात.
मी पाहिलं ते लाल धुळीत घोट्यापर्यंत रुतलेले
दहा बूट, आणि त्यांच्यासमोर वेडी झालेली माणसं.
तीन सेकंद. सायकलला गल्ली ओलांडायला लागतात तेवढे.
तेवढे सुदिनला मिळाले.

सकाळी पेपरात त्याचा फोटो होता,
आणि तो पेपर त्यानंच घरोघर टाकला.
फोटोच्या कडेला, कापला जाता जाता राहिलेलं,
एक धुळीनं माखलेलं कोपर.
जुझे म्हणाला, माझं.
पास्कू म्हणाला, माझं.
आईला बोलावलं. तिनं चष्मा लावून पाहिलं
आणि तिलाही सांगता येईना.

एक तारीख होती. बाहेर रांग लागलेली.
मी नोटा मोजत होतो,
दोनदा चुकलो.