आधी नोंद, मग खटका

खाशुरीत वीज सांगून जात नाही.
कधी नऊला, कधी सव्वानऊला,
एकदा तर वडील ‘प्रिय लामारा’ एवढंच टाइप करून
चहाचा पेला उचलत होते तेव्हा.

मग मेणबत्ती. आणि वीज परतल्यावर
काळ्या पडद्यावर ती पांढरी अक्षरं:
डिस्क नीट बंद झाली नव्हती, तपासणी चालू,
चार टक्के, सात टक्के,
एखाद्या खाष्ट टीसीनं डब्याडब्यात शिरून
झोपलेल्यांनाही उठवावं तसं.
चाळीस गिगाबाइट. दीड तास.
वडील कोट चढवून समोर बसून राहायचे,
जणू लाइन क्लिअर मिळायचंय.

म्हणून या जानेवारीत ठरवलं,
सगळं पुसायचं आणि नव्यानं मांडायचं.
स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडं मशीन,
शेजारी टॉवेलखाली खाचापुरी,
वहीच्या पानावर तीन नावं:
ईएक्सटी-थ्री, जेएफएस, एक्सएफएस.

“यांचं विशेष काय?”

मी म्हटलं, यांच्याकडे रोजकीर्द असते.
काय करणार ते आधी तिच्यात उतरवायचं,
मगच खतावणीला हात लावायचा,
काम झालं की खूण.
मध्येच वीज गेली
तर उठल्यावर सगळं घर झाडत बसायचं नाही,
रोजकीर्दीचं शेवटचं पान वाचायचं, बस.

एकतीस वर्षं केबिनमध्ये काढलेला माणूस
माझ्याकडे जरा कीव करून बघत होता.
“यात नवीन ते काय?
आधी रजिस्टर, मग खटका.
गाडी नंबर, वेळ, कुठली लाइन, सही.
ऑतारनं एकदाच उलट केलं,
दोन मालडबे नदीत.”

एक्सएफएस मोठ्या फायली झपाट्यानं ओढते,
पण ऐन वेळी दिवा गेला तर कधी कधी
फाइल जागेवर, नाव जागेवर,
आत नुसती शून्यं.
(वडील म्हणाले, “ओळखतो असल्या माणसांना.”)
जेएफएस हलकी, मशीनला त्रास नाही,
पण बिघडली तर गावात विचारायचं कुणाला?
राहिली ईएक्सटी-थ्री. तिला बजावता येतं,
नुसता आराखडा नको, मजकूरही आधी रोजकीर्दीत लिही.
मग ती प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिते.
हळू चालते.

“किती हळू?”
“तुमच्या टायपिंगपेक्षा पुष्कळ वेगानं.”
ते एका बोटानं टाइप करतात. हसले नाहीत.
“तीच घाल.”

मी सीडी सरकवली.
ते बशीत स्क्रू गोळा करत होते, एकेक, आकारानुसार.
“आणि लिहिलं,
पण खूण करायची राहून गेली तर?”
“सोडून देते.
घडलंच नव्हतं असं धरून पुढे जाते.”

भिंतीवर अठ्ठ्याण्णव सालचं कॅलेंडर आहे,
पाठ पुढे करून टांगलेलं.
थेसालोनिकीची बस पकडण्याआधी
आईनं त्यावर लिहिलं होतं: दोन वर्षं.
याला आता सात होतील.
ती तिथे कुणा म्हातारीला अंघोळ घालते,
दर महिन्याला पैसे पाठवते, कधी फोटो,
फोटोत कायम उन्हाळा.

“आमच्या रजिस्टरात,” वडील म्हणाले,
“असली ओळ सोडून देत नसत.
पाळी बदलताना दुसऱ्याला दाखवायची,
ही उघडी आहे रे, नजर ठेव.”

मी काही बोललो नाही. एंटर दाबलं.

रात्री अकराला चक्क वीज होती.
वडिलांनी पत्र उघडलं, थोडं लिहिलं,
खाली वाकले
आणि स्वतःच्या हातानं प्लग उपटला.

मशीन उठलं. एक ओळ आली,
रोजकीर्द वाचली म्हणून, आणि गेली.
मेणबत्ती शोधायलाही वेळ मिळाला नाही.
पत्रात ‘प्रिय लामारा’ होतं.
पुढचं नव्हतं.

“तेवढं तुम्ही सेव्ह केलं नव्हतं,” मी म्हटलं.
“माहितेय,” ते म्हणाले,
“पुढचं अजून ठरत नाहीये,”
आणि चष्मा पुसून
तेच बोट पुन्हा त्याच अक्षरावर नेलं.