डावा दरवाजा

बर्फानं गाडी गंजते हे कुणाला पटत नाही.
बर्फ म्हणजे पाणीच ना, म्हणतात.
पण भाऊच्या धक्क्यावरून परतताना हौद्यात उरतं
ते नुसतं पाणी नसतं.
मीठ, खवले, कोळंबीच्या मिशा,
आणि ते रात्रभर चेसिस चाटत बसतं
रे रोडच्या पुलाखाली.

मीटरचा काटा एकदा शून्यावरून गेला,
मग अडकला. अडकू दे.

हसनैन मिस्त्री गाडीखाली झोपून बोलतो.
पाय तेवढे दिसतात, आणि निकाल ऐकू येतात:
क्लच प्लेट कंपनीची घे.
ब्रेकचं तर विचारूच नको.
वॉटर पंप लोकल चालेल.
काचेचं रबर राहू दे,
पाणी आलं तर तुझ्याच मांडीवर येईल.
माझ्या डोक्यात त्याचं एक शास्त्र झालं:
थांबवणारं नवं घ्यावं,
चालवणारं जुनं चालतं.
मग एका पहाटे, बोटी लागलेल्या, लाद्या वितळतायत,
जुन्या स्टार्टरनं नुसतं टक् केलं
आणि शास्त्र मी गिळलं.

हौद्याचा पत्रा दारूखान्यातला,
तोडलेल्या जहाजाचा, किलोवर घेतला.
त्यावर पांढरा सात आहे,
जहाज किती बुडालंय ते सांगणारा.
मी त्यावर बर्फ ठेवतो.

मग डाव्या दरवाजाची बिजागरी हातात आली.

कुर्ल्याला मुनाफच्या गल्लीत
दरवाजे उभे लावलेले, दप्तरातल्या वह्यांसारखे.
मी खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो.
पांढरा दरवाजा देखणा, पण चुंबक घसरला,
आत सगळी पुट्टी.
हिरव्याला मात्र कडेपर्यंत धरून राहिला.
हिरव्यावर पिवळ्या अक्षरांत
जागृती पाणी सप्लाय, कळवा,
आणि दहा आकडे.
बावीसशे सांगितले, सतराशेला आणला.

रंग मारायचा राहिला. पैसे ब्रेकनं खाल्ले.
सिग्नलला लोक विचारतात, कॅन केवढ्याला?
मी म्हणतो, बर्फ आहे,
थोडं थांबलात तर पाणीच.

एकच खोड: काच अर्ध्यावर अडायची.
हसनैननं आतली मशीन दोनदा बदलली,
एकदा लोकल, एकदा भंगारातली.
दोन्ही वेळा अर्ध्यावरच.

बोटींना उशीर होता त्या रात्री
मी ते दहा आकडे दाबले.
बाईनं उचलला. पाणी बंद केलं आम्ही, म्हणाली,
दोन वर्षं झाली.
मागं कुणीतरी तेराचा पाढा म्हणत होतं.
मी म्हटलं, पाणी नको.
तुमचा दरवाजा माझ्याकडे आहे.

पाढा एकावन्न... नाही, बावन्नवर थांबला.

हिरवा?
हिरवा.
काच अडते का अजून?
अडते.
हँडलच्या खाली, बोटभर पुढं, कोपर मारा.
मूठ नाही. ह्यांना मुठीनं कधी जमलं नाही.
त्या बाजूला मी बसायचे.

मी गिअरवरून पाय टाकून पलीकडे सरकलो.
इतकी वर्षं माझी गाडी,
आणि ह्या सीटवरून धक्का कसा दिसतो
मला माहीत नव्हतं.
क्रेन जरा जवळ वाटते. आरशात आपण नसतो.
कोपर मारलं.
काच सरळ खाली गेली,
ओल्या जाळ्यांचा वास आत आला.

ऐकू आलं, ती म्हणाली.
मग कुणाला तरी, फोनपासून तोंड फिरवून:
पासष्ट. पुढं म्हण.

प्रायमरचा डबा आणून ठेवलाय, सीटखाली.
हसनैन पायांनीच विचारतो, कधी मारायचा?
पुढच्या पासिंगला, मी म्हणतो,
आधी मागचे लायनर बघ.