माया

यास्नाचा फोन आला की मी आधी टेप शोधते.
अकरा वर्षं झाली, मागणं एकच:
हर्मिंदा, कमरेत जरा आत घे.

मी घेते. मापांच्या वहीत तिचं पान आहे,
आईच्या पानानंतर, माझ्या पानाआधी.
शहाऐंशी. एक्क्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर.
विमा कंपनीत मॅनेजर झाली त्या वर्षी चौऱ्याहत्तर,
विन्याला समुद्रासमोर फ्लॅट घेतला तेव्हा सत्तर.
पेन्सिलीने लिहिते मी, खोडता यावं म्हणून.
आईचे आकडे मात्र खोडले नाहीत.
एकशे बारा, एकशे अठरा,
मग नुसती रेघ,
तेव्हा तिला मापासाठी उभं राहता येत नव्हतं.

आमच्या वाल्पाराइसोत सगळं उलटं.
गरीब टेकडीवर, पैसेवाले खाली सपाटीला.
एकोणिसाव्या वर्षी यास्ना एक सुटकेस घेऊन
एकशे त्रेसष्ट पायऱ्या उतरली
आणि वर गेली.

आता जिमला ती महिन्याचे जेवढे भरते
तेवढ्यात माझा गॅस दोनदा येतो.
तिथे करते काय, तर पायऱ्या चढते.
यंत्राच्या. त्या कुठेच पोचत नाहीत.
मी हसले तर रागावली,
म्हणाली, तू रोज चढतेस, तरी बघ स्वतःकडे.
खरंय.
मी पावाची पिशवी घेऊन चढते, तीनदा थांबते,
गुडघा शिव्या देतो, आणि घरी पोचले की
भूक लागते.

पाव तिला आता डोळ्यांसमोर नको.
लहानपणी संध्याकाळी चहा आणि पाव, हेच जेवण,
महिना बरा असला तर वर मार्गारिन.
बाबांचं बंदरातलं काम सुटलं त्या हिवाळ्यात
आई चहात साखर वाढवायची, पोटाला फसवायला.
यास्ना त्याच पोटात होती.
जन्मली तेव्हा मासळीवाल्या ओतिलियाने तिला
आपल्या तराजूत तोललं:
दोन किलोलाही कमी.
म्हणाली, एवढीशी मी परत पाण्यात सोडते.

मागे एकदा ऑफिसात कुणी तिला म्हणालं,
तुझ्याकडे बघून वाटत नाही गं, तू टेकडीवरची.
हे तिने मला आनंदाने सांगितलं.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

परवा मंगळवारी ती न कळवता आली.
नव्वदाव्या पायरीवर बसली होती, शेजारच्या पोराने सांगितलं.
पर्समधून कागद काढला. रक्ताचा.
आकडा मी ओळखला, तो आमच्या घरी राहून गेलाय.
पण मी तर सत्तर आहे, ती म्हणाली,
सत्तर, हर्मिंदा,
जणू मीच माप चुकवलं होतं.

महागड्या दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं,
घरात कुणाला होता?
इतकी वर्षं ती लोकांना सांगायची, आई हृदयाने गेली.
त्याला म्हणाली, आधी अंगठा काढला,
मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं.
डॉक्टरने तिचं जन्माचं वजन विचारलं.
तिला ओतिलियाचा तराजू आठवला. सांगितला नाही.

चहा केला. तिचा बिनसाखरेचा, माझाही,
मला सांगून सात वर्षं झालीत, सरकारी दवाखान्यात,
तिकडे डॉक्टर वर न बघता म्हणतो, पाव कमी करा, चाला.
तिने पावाचा तुकडा मोडला, खाल्ला नाही,
बोटांत फिरवत राहिली.

मग पिशवीतून निळा ड्रेस काढला,
माझ्याच हातून तीनदा आत गेलेला.
औषधाने अंग भरेल म्हणतात, ती म्हणाली.
सैल होईल का? की आता नवाच शिवायचा?

मी तो उलटा केला, दिव्याखाली धरला.
शिलाईच्या आत, दोन्ही कुशींना,
घडीवर घडी, जुन्या टाक्यांच्या खुणांसकट
होती तेवढी सगळी माया तशीच होती.
कात्री लावलीच नव्हती मी कधी.

उभी राहा, म्हटलं.
आणि पोट आत ओढू नकोस.